एकवीस रुपयांचा थेंब

शुगर तपासायच्या पन्नास पट्ट्यांची डबी आम्हाला १,०५७ रुपयांना पडते. भागाकार केला की एका पट्टीला २१ रुपये आणि वर चौदा पैसे. हा भागाकार मी दर महिन्याला नव्याने करते, कारण दर महिन्याला वाटतं, आपलंच कुठेतरी चुकत असेल. चुकत नाही. मी नववी-दहावीला गणित शिकवते आणि घरचा हिशोब गेली एकवीस वर्षं माझ्याकडे आहे.

घरात मधुमेह दोघींना. मला सहा वर्षांपासून, गोळ्यांवर. सासूबाईंना त्याच्या कितीतरी आधीपासून, आणि गेली बारा वर्षं इन्सुलिन. त्यांचं वय ७८. त्यांना मी आईच म्हणते, तेव्हा इथेही आईच लिहिते. आईंना सकाळी १६ आणि रात्री १० युनिट लागतात. दहा मिलीच्या बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे महिन्याला दोन बाटल्या, साधारण ३४० रुपये. डॉक्टरांनी शुगर दिवसातून दोनदा बघायला सांगितली आहे, सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी. त्याच्या महिन्याला साठ पट्ट्या होतात. त्यांचे १,२६८ रुपये. औषधाला ३४० आणि औषध नीट चाललंय की नाही हे नुसतं बघायला त्याच्या पावणेचार पट. माझ्या तक्रारीचं मूळ हेच आहे. बाकी सगळं त्याला फुटलेल्या फांद्या.

यंत्र आम्हाला फुकट मिळालं होतं. नोव्हेंबरच्या १४ तारखेला मधुमेह दिन असतो, त्या आठवड्यात एका शिबिरात मिळालं. छान पाऊच, त्यात यंत्र, टोचायचं पेन, दहा सुया, दहा पट्ट्या. आई खूश झाल्या होत्या. दहा पट्ट्या पाच दिवसांत संपल्या आणि सहाव्या दिवशी मी मेडिकलमध्ये उभी होते. तिथे कळलं की या यंत्राला याच कंपनीची पट्टी लागते, तीही याच मॉडेलची. दुसरी बसत नाही. बसवून पाहिली तरी यंत्र तिला ओळखत नाही. आमच्या कपाटाच्या खणात अशी आणखी तीन यंत्रं आहेत. एकाच्या पट्ट्या बाजारात यायच्याच बंद झाल्या. दुसरं दिरांनी पुण्याहून पाठवलं होतं, त्याच्या पट्ट्या अकोल्यात ‘ऑर्डर करून मागवाव्या लागतील, चार दिवस लागतील’. तिसऱ्याच्या पट्ट्या यापेक्षाही महाग. तिन्ही यंत्रं चालू आहेत. सेल घातला की तिन्ही दिवे लावतात. आणि तिन्ही आमच्या काही कामाची नाहीत.

टीव्हीच्या रिमोटला पेन्सिल सेल लागतो. तो कुठल्याही दुकानात मिळतो, कुठल्याही कंपनीचा चालतो. भिंतीवरच्या घड्याळालाही तोच आणि मुलाच्या खेळण्यातल्या गाडीलाही तोच. खेळण्यांसाठी जगाने एक माप ठरवलं. रक्त तपासायच्या पट्टीसाठी ते का ठरू नये, हे मला कुणी समजावून सांगावं. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यात देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचं म्हटलं होतं. दहा कोटी माणसांना लागणारी वस्तू एका मापाची झाली, तर ती स्वस्त होईल, हे कळायला गणिताचं शिक्षक असावं लागत नाही.

पट्टी म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा नव्हे, हे मला ठाऊक आहे. मी उगाच कुणाच्या कष्टाला नावं ठेवत नाही. तिच्या टोकाशी एक विकर वाळवून बसवलेलं असतं. रक्तातली साखर त्याला भेटली की रासायनिक क्रिया होते, तिच्यातून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह निघतो, आणि तो मोजून यंत्र पाच सेकंदांत आकडा दाखवतं. रक्त किती लागतं, तर एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी. मोहरीच्या दाण्याएवढा थेंब जास्त होतो. ज्यांनी हे शोधलं त्यांना मी हात जोडते. राग आहे तो हे शोधून इतकी वर्षं झाल्यावरही त्याला पडणाऱ्या किमतीचा.

माझ्या वडिलांनाही शुगर होती. आमच्या घरी तेव्हा स्वयंपाकघराच्या कोनाड्यात एक परीक्षानळी, लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. पाच मिली द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर थोडी साखर. पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखं लाल. लाल झालं की माझी आई त्या दिवशी भात लावत नसे. खर्च काही पैशांचा. पण त्या नळीला एक गोष्ट कधीच दिसत नसे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, त्यामुळे साखर कमी झाली आहे हे नळीला कळायचा मार्गच नव्हता. सत्तर असो की एकशेसत्तर, नळी निळीच. वडील दोनदा घरात चक्कर येऊन पडले, तेव्हा दोन्ही वेळा सकाळी नळी निळी होती आणि आम्ही सगळे समाधानात होतो.

म्हणून पट्टीची किंमत मला कळते. दुसऱ्या अर्थाने. अमेरिकेत १९७० च्या सुमारास रक्तातली साखर मोजणारं पहिलं यंत्र आलं, तेव्हा ते जवळपास ५०० डॉलरचं होतं आणि फक्त डॉक्टरांना विकत मिळत असे. रिचर्ड बर्नस्टाइन नावाचे एक इंजिनियर होते, लहानपणापासून मधुमेही. त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्यांनी ते यंत्र मागवलं आणि घरी बसून दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःची साखर मोजायला सुरुवात केली. पेशंटने स्वतःचं रक्त स्वतः तपासायचं ही कल्पनाच तेव्हा वैद्यकाला मान्य नव्हती. आपलं म्हणणं कुणी ऐकत नाही म्हणून हा माणूस चाळिशी उलटल्यावर मेडिकल कॉलेजात गेला आणि स्वतः डॉक्टर झाला. आपल्याच शरीरात काय चाललंय ते बघायचा हक्क मिळवायला त्यांना एवढं करावं लागलं. आज तो हक्क आपल्या सगळ्यांना आहे. दर वेळी २१ रुपये मोजायचे एवढंच.

आता फांद्या.

पट्ट्यांच्या डबीवर लिहिलेलं असतं की ३० अंशांच्या वर ठेवू नका. शिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका. शिवाय दमट जागी ठेवू नका. आम्ही अकोल्यात राहतो. एप्रिलपासून आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, मे महिन्यात ४५ सुद्धा बघितलेला आहे. घरात ३० अंशांखाली फक्त दोन जागा असतात, फ्रिज आणि कूलरसमोरचा पलंग. फ्रिज चालत नाही आणि कूलरची हवा ओली. मी डबी धान्याच्या कोठीत, ज्वारीत खुपसून ठेवते. आजी तशीच औषधाची पुडी ठेवायची. ते बरोबर आहे की चूक हे मी मेडिकलवाल्यांना विचारलं, डॉक्टरांनाही विचारलं. दोघांनी डबीवरचा मजकूर मला वाचून दाखवला.

डबी उघडली की काही कंपन्यांच्या पट्ट्या तीन महिन्यांत संपवाव्या लागतात, काहींच्या सहा. आईंची डबी महिन्याच्या आत संपते, तेव्हा त्यांचा प्रश्न नाही. पण ज्याला डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा बघायला सांगितलंय, त्याच्या तीन महिन्यांत तेरा पट्ट्या होतात. उरलेल्या सदतीस त्याने कुठे न्यायच्या? दहा पट्ट्यांचं पाकीट, प्रत्येक पट्टी वेगळी बंद केलेली, असं आमच्या भागात कुठल्याच मेडिकलमध्ये मला मिळालेलं नाही. डोकेदुखीची गोळी दुकानदार पत्त्यातून कापून एकसुद्धा देतो.

मग ती एरर. आईंची बोटं साठ वर्षं भाकरी थापलेली आहेत. पेनाचा आकडा पाचावर नेला तरी सुई वरच्यावर राहते. थंडीत तर हात आधी कोमट पाण्यात धरून बसावं लागतं. मी बोटाच्या कडेला टोचते, कारण मध्यभागी जास्त दुखतं, मग मुळापासून टोकाकडे हळूहळू दाबत आणते. थेंब येतो. तांबडा, चमकणारा, टाचणीच्या डोक्याएवढा. त्याच्याशी पट्टीचं तोंड नेमकं भिडवायचं. जरा आधी भिडवली तर रक्त कमी पडतं, जरा उशीर झाला तर थेंब बोटाच्या रेघांत पसरून जातो. दोन्ही वेळा पडद्यावर एरर येते आणि ती पट्टी गेली. त्यावर आणखी थोडं रक्त लावून चालत नाही. यंदा जानेवारी ते जून मी वहीच्या शेवटच्या पानावर अशा पट्ट्या टिपून ठेवल्या. अकरा. २३२ रुपये. आणि अकरा वेळा म्हाताऱ्या माणसाला परत टोचलं. ते मी कुठल्या रकान्यात लिहू?

अक्षय्य तृतीयेला मी रसासाठी आंबे पिळत होते. हात पुसले, स्वतःची शुगर बघायची आठवण झाली, बघितली. ३१२. माझी आजवर कधी दोनशेच्या वर गेलेली नाही. पायातलं बळ गेलं. यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आधी विचारलं, हात धुतले होते का साबणाने? फळाची साखर बोटाला लागलेली असली की यंत्र तीच मोजतं, नुसतं पुसून किंवा स्पिरिटचा बोळा फिरवून ती जात नाही. साबणाने हात धुतले, परत टोचलं, १६४. ही गोष्ट मला सहा वर्षांत कुणी सांगितली नव्हती. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात ती असेलही. ते पत्रक मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं, आणि मधुमेहात डोळ्यांची तक्रार नेहमीची.

सुयांचं तर मी कबूलच करते. सुई एकदा वापरून टाकून द्यायची असते. आम्ही एक सुई तीन दिवस वापरतो. चूक आहे हे कळतं. आणि वापरलेल्या सुया टाकायच्या कुठे? मी त्या शाम्पूच्या जाड बाटलीत साठवते, झाकण चिकटपट्टीने बंद करते आणि घंटागाडीवरच्या मावशींच्या हातात देऊन ‘यात सुया आहेत’ असं सांगते. घरातल्या सुया घातक कचऱ्यात मोडतात, तसं नियमातही आहे. पण तो वेगळा घेऊन जाणारं आमच्या गल्लीत कुणी येत नाही. त्या मावशींच्या हातात मोजेसुद्धा नसतात.

कराची गोष्ट सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मला खरोखर आनंद झाला होता. आमच्या डबीवर छापील किंमत १,२०० होती. मी आदल्या रात्री हिशोब करून ठेवला, कर कमी झाल्यावर ती १,१२५ व्हायला हवी. झाली, अगदी १,१२५ झाली. आधी आमचे दुकानदार छापील किमतीवर १२ टक्के सूट देत, म्हणजे १,०५६ ला डबी पडे. या वेळी त्यांनी ६ टक्के सूट दिली. बिल झालं १,०५७ रुपये ५० पैसे, वरचे पैसे त्यांनी सोडले. मी विचारलं. ते म्हणाले, ‘मॅडम, वरूनच मार्जिन कमी झालं.’ ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही, भला माणूस आहे. पण सरकारने सोडलेले ७५ रुपये डबीपासून माझ्या पर्सपर्यंतच्या वाटेत कुठे गेले, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या वहीत त्या महिन्यात एक रुपया जास्त लागलेला आहे.

स्वस्त हवं तर ऑनलाइन घ्या, असं भाचा सांगतो. शंभर-सव्वाशे रुपये वाचतात खरे. पण मे महिन्यात ती डबी नागपूरहून की कुठून, पत्र्याच्या गाडीत दोन दिवस तापत येणार. मग आलेला आकडा साखरेचा की उन्हाचा? तसंही या यंत्रांना थोडी सूट आहेच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभर किंवा त्याहून वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतं. खरे २०० असतील तर १७० दिसतील किंवा २३०. ते मी समजून घेते. त्यात आणखी ऊन मिसळायची माझी तयारी नाही.

दंडावर चिकटवायचे सेन्सर निघालेत, चौदा दिवस टोचायचं कामच नाही. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेली किंमत एका सेन्सरला पाच हजारांच्या घरात होती. महिन्याला दोन. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंच्या आईला शुगर आहे, इन्सुलिनही आहे. त्या आईला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आमच्या हिशोबाने तिने दिवसातून दोनदा तपासलं तर हातात २३२ रुपये उरतील, महिनाभर जगायला. ती तपासत नाही. दोन महिन्यांतून कधीतरी मेडिकलवर तीस रुपये देऊन बघते आणि मधले साठ दिवस अंदाजाने सुई टोचून घेते. इन्सुलिन अंदाजाने घेणं म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. रात्रीचे दोन चाळीस. आईंच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला म्हणून उठले. आई पलंगावर बसलेल्या, लुगडं घामाने पाठीला चिकटलेलं, आणि मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. विहिरीवर जाऊ म्हणत होत्या. यंत्र आणलं. बोट घामाने ओलं, पुसलं, टोचलं, थेंब पसरला. एरर. दुसरी पट्टी. ४८.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, हे त्यांना धरून बसले. पंधरा मिनिटांनी परत बघायचं असतं. बघितलं, ६३. परत साखर. परत पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत माझा हात आईंच्या कपाळावर होता आणि डोक्यात एकच गोष्ट चालू होती. डबीत सहा होत्या, आता तीन उरल्या. मेडिकल साडेनऊला उघडतं. समोर माणूस शुद्धीवर येतोय की नाही हे बघायचं सोडून मी पट्ट्या मोजत होते. या गोष्टीसाठी मी कुणाला माफ करायचं आणि कुणाला नाही, ते मला ठरवता आलेलं नाही. ९७ आली. पहाटे साडेचारला १३१. आई झोपल्या. त्या रात्री पाच पट्ट्या गेल्या, एकशेसहा रुपये.

त्याच रात्री आईंची शुद्ध हरपली असती आणि त्यांना दवाखान्यात भरती केलं असतं, तर मेडिक्लेमच्या कंपनीने खोलीभाडं, सलाइन, डॉक्टर, सगळं दिलं असतं. चोवीस तास भरती राहिलं की बिल मंजूर. ती वेळ येऊ नये म्हणून घरी जी पट्टी लागते, तिला आमच्या पॉलिसीत जागा नाही. मी विचारून बघितलं. लेखी विचारलं. माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिथे इन्सुलिनवरच्या माणसाला पट्ट्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात, पैसे पडत नाहीत. तिने सांगितलं तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, नक्की ना? आपल्याकडे सगळ्यांना सगळं फुकट द्या असं माझं म्हणणं नाही. पण ज्याच्या हातात इन्सुलिनची सुई दिली, त्याच्या हातात त्याच वेळी महिन्याच्या पट्ट्याही पडल्या पाहिजेत. एक देऊन दुसरी न देणं म्हणजे माणसाला गाडी देऊन डोळ्यांना पट्टी बांधणं आहे.

पहाटे झोप लागली नाही म्हणून वही काढून बसले. आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी, आईंच्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं: १४१. संध्याकाळी सहा ते आठ माझी शिकवणी असते, समोरच्या खोलीत वीस मुलं. म्हणून ती तपासणी आई स्वतः करत आणि वहीत लिहून ठेवत. चौथी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. मागची पानं उलटली. १४०, १४२, १३८, १४१, १४०. इतकी सरळ शुगर देवाचीही नसेल. माझ्यासारख्या आकड्यांत आयुष्य घालवलेल्या बाईला ते तीन आठवडे दिसलं नव्हतं.

यंत्रात मागचे आकडे साठवलेले असतात, तारीख आणि वेळ घालून. बटण दाबत मागे गेले. रात्रीचे चार आकडे. त्याच्या आधी सकाळचे सहा दहा. त्याच्या आधी आदल्या दिवशीचे सकाळचे सहा पाच. संध्याकाळचा एकही नाही.

पण डबीतला हिशोब तर जुळत होता. रोज दोन कमी होत होत्या.

सकाळी चहा झाल्यावर मी आईंच्या शेजारी बसले आणि विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उशाखालचा सुपारीचा डबा माझ्यापुढे सरकवला. अडकित्ता, चार सुपाऱ्या, लवंगा, आणि खाली रुमालात गुंडाळलेल्या तेवीस पट्ट्या. एकावर एक, सारख्या रचलेल्या.

‘डबी सरली का देणार होती मी तुले,’ त्या म्हणाल्या. ‘एका पट्टीले एकवीस रुपये लागते. मले त काई होत नाई संध्याकाळी. कायले टोचायचं?’

मीच ते एकवीस रुपये या घरात दर महिन्याला मोठ्याने बोलून दाखवले होते. जेवताना, बिल आल्यावर, फोनवर. आई बाजूला बसून ऐकत होत्या.

डबीबाहेर राहिलेल्या पट्ट्यांना हवेतली ओल लागते. त्यांचा आकडा धरता येत नाही, तेव्हा त्या तेवीसच्या तेवीस वाया गेल्या. ४८६ रुपये. मी त्या टाकल्या नाहीत. वहीच्या मागच्या खिशात ठेवल्या आहेत.

आता सातला दहा कमी असताना मी मुलांना एक उदाहरण सोडवायला देते आणि आत येते. आई हात धुऊन, कोरडा करून, बोट पुढे धरून बसलेल्या असतात. काल १५६ आली. मी आकडा सांगितला, वहीत लिहिला. आईंनी तो ऐकल्यासारखा केला, आणि बोटावर कापूस दाबून धरत विचारलं,

‘किती उरल्या वं डबीत?’